जबान्या लिहिणारे दाऊदमियां

दाऊदमियांच्या सर्व्हिस बुकात जन्मतारखेच्या रकान्यात तारीख आहे आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात तीन शब्द आहेत : ‘असे वडील सांगत.’ हेडक्लार्कनं ते शब्द खोडायला सांगितले तेव्हा दाऊदमियां म्हणाले, “रावसाहेब, त्या वेळी मी हजर होतो, पण मला आठवत नाही.” हेडक्लार्कना ती थट्टा वाटली. चार माणसांत आपली थट्टा केली म्हणून ते महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. पण दाऊदमियां थट्टा करत नव्हते. ते शब्द शेवटपर्यंत तसेच राहिले आणि सरकारनं त्यांना निवृत्त केलं ते त्यांच्या वडिलांच्या शब्दावर.

आमचं कोर्ट खाडीच्या काठी होतं, रेवसपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या गोष्टी सांगायच्या त्यांची नातवंडं तिथे नांदताहेत. मी तिथे लागलो तेव्हा पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. मला नकलांच्या टेबलावर बसवलं. वकिलांना आणि पक्षकारांना साक्षींच्या नकला लागत, त्या मी लिहून देई. मूळ साक्षी दाऊदमियां सरखोत यांनी लिहिलेल्या असत. म्हणजे त्यांच्या हातचा प्रत्येक शब्द माझ्या हातून दुसऱ्यांदा जाई. त्यांना ओळखायला मला फार दिवस लागले नाहीत.

काम असं चाले. साक्षीदार बोले. मॅजिस्ट्रेटसाहेब आपल्यापुरतं इंग्रजीत टिपण करीत आणि त्यांच्या डाव्या हाताला, एक पायरी खाली, दाऊदमियां सगळी जबानी मराठीत उतरून घेत. शेवटी ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, बरोबर आहे असं त्यानं म्हटलं की खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. वाचून दाखवणं हा कायदा होता, पण बहुतेक ठिकाणी तो उरकून टाकीत. कारकून दोन ओळी पुटपुटे आणि साक्षीदाराचा हात शाईकडे ओढी.

दाऊदमियां उंच होते आणि खांद्यातून थोडे वाकलेले. तांबडी तुर्की टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब काळा कोट, शाईनं कायमचं निळं पडलेलं मधलं बोट. त्यांचे वडील नाखवा होते, स्वतःचं गलबत मलबारपर्यंत नेत. मुलाला मात्र समुद्र लागे, म्हणून त्यांनी त्याला शाळेत घातलं. त्यामुळे दाऊदमियांना किनाऱ्यावरच्या सगळ्या बोली येत : कोळ्यांची, आगऱ्यांची, कातकऱ्यांची, त्यांच्या स्वतःच्या मोहल्ल्याची. आमच्या कचेरीत आम्हा प्रधान-कुलकर्ण्यांना फक्त पुस्तकातली मराठी यायची.

त्यांच्या आधीच्या कारकुनानं लिहिलेल्या जुन्या साक्षी मी कधी कधी नकलेसाठी काढी. त्यांत कोळीण असो की पाटील, सगळेजण सदाशिव पेठेत जन्मल्यासारखे बोलत. ‘सदर इसमाने मजवर हल्ला केल्याचे मी प्रत्यक्ष अवलोकन केले,’ असं एक वीटभट्टीवरची बाई म्हणाली होती. दाऊदमियांच्या कागदात बाई बाईसारखी बोले. एखादा शब्द कळला नाही की ते लेखणी कागदावरून उचलीत आणि हवेत तशीच धरून ठेवीत. तोंडानं काही बोलत नसत. साक्षीदार थांबे, वकील थांबे, साहेब वर बघत आणि मग तो शब्द पुन्हा विचारला जाई. नव्या साहेबांना याचा राग येई. जुने झालेले साहेब त्या लेखणीकडे लक्ष ठेवून असत.

हिरा नावाच्या एका कोळणीची साक्ष मला आठवते. बाजारात टोपली कुठे मांडायची यावरून मारामारी झाली होती आणि तिनं ती पाहिली होती. साहेब देशावरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी एक प्रश्न तिला दोनदा विचारला तेव्हा हिरा म्हणाली, “तुला एकदा सांगला ना मी? तू आयकत न्हाय नीट.”

साहेबांचा चेहरा उतरला. आरोपीचे वकील लगेच उठले आणि म्हणाले, जी बाई कोर्टाला अरेतुरे करते तिच्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा, हे बोलणं कागदावर यावं.

दाऊदमियांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग उभे राहिले. “साहेब, यांच्या बोलीत ‘तुम्ही’ हा शब्दच नाही. बापाला, सासऱ्याला, खंडोबाला तूच म्हणतात.”

साहेबांनी हिराकडे पाहिलं. “खरं आहे का गं?”

“तुला आनि काय म्हनू?” हिरानं विचारलं.

तिच्या साक्षीवर निकाल झाला. चार दिवसांनी हिरा ताजी पापलेटं घेऊन दाऊदमियांच्या दारात आली. त्यांनी ती घेतली नाहीत, साक्षीदाराकडून काही घेता येत नाही म्हणाले. तिनं भर रस्त्यात उभं राहून त्यांना जे काही ऐकवलं ते बोलीतलं साधं बोलणं नव्हतं, त्या शिव्याच होत्या. हे मला दाऊदमियांनीच खात्रीपूर्वक सांगितलं.

कोर्टाबाहेरही ते असेच होते. कुणी बातमी आणली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “पाहिलंत की ऐकलंत?” लोक वैतागत. एका वर्षी ईदच्या आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं आणि आमच्या गावात कुणालाच चंद्र दिसला नाही. पहाटे आगरदांड्याहून मचव्यानं आलेला एक माणूस मशिदीत सांगू लागला की काल संध्याकाळी दिघीच्या बाजूला चंद्र दिसला, म्हणजे आजच ईद. मुलांनी फटाके काढले. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी दाऊदमियांना पुढे केलं.

“तू पाहिलास?”

“मी नाय. आमच्या तांडेलानं पायला.”

“तांडेल कुठाय?”

“तो दिघीलाच रायला.”

“तांडेलानं सांगितलं तेव्हा तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?”

“कोन नाय.”

दाऊदमियां मागे सरले आणि म्हणाले की त्यांच्यापुरता आज रोजा आहे, बाकीच्यांनी त्यांचं ठरवावं. बाकीच्यांनीही मग रोजा धरला. दोन दिवसांनी तांडेल, म्हणजे त्या मचव्यावरचा मुख्य खलाशी, स्वतः आला. चंद्र खरंच दिसला होता आणि सगळ्या मोहल्ल्यानं ईदच्या दिवशी उपास केला होता. त्यानंतर वर्षभर पोरं त्यांना रस्त्यात आकाशाकडे बोट दाखवून विचारीत, “दाऊदचाचा, तो काय हाय?” मी एकदा विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, “चंद्र होता हे आम्हाला शनिवारी कळलं. गुरुवारी कळलं नव्हतं.” एवढंच. पुढच्या वर्षी मात्र त्यांना कुणी पुढे केलं नाही.

आता गोमा कातकऱ्याचं सांगतो.

मिठागरावरचा एक राखणदार उघाडीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायच्या दारापाशी, मेलेला सापडला. डोक्यावर घाव होता. गोमा त्या हंगामात मिठागरावर मजुरी करी आणि राखणदाराशी त्याचं भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनी त्याला धरलं. धरलं यात कुणालाच नवल वाटलं नाही, कारण आमच्या भागात काहीही झालं की आधी कातकरवाडीवर जायची रीत होती. गोमाला वकील नव्हता. खुनाचा खटला सेशन्स कोर्टाकडे पाठवायचा की नाही याची चौकशी आमच्या मॅजिस्ट्रेटपुढे होती आणि सगळी भिस्त चांगा म्हात्रे नावाच्या एका म्हाताऱ्या आगऱ्याच्या साक्षीवर होती.

चांगा कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “राखनदार मागं फिरला, तवा गोमानी फावरा मारलान म्हनं. मंग त्याला उघाडीत ढकललान म्हनं.”

साहेब तरुण होते, पहिलीच नेमणूक. त्यांनी इंग्रजीत लिहून घेतलं आणि मराठीही पूर्ण झालं का बघावं म्हणून वाकून दाऊदमियांच्या कागदावर नजर टाकली.

“हे ‘म्हणे’ कशाला? ही लोकं प्रत्येक वाक्याला लावतात. तो त्यांचा चाळा आहे. काढून टाका.”

“साहेब, काढलं तर यानं पाहिलं असं होतं.”

“त्यानं पाहिलंच आहे. पोलिसांच्या कागदात आहे तसं.”

“साक्ष वाचून दाखवायची आहे साहेब. त्या वेळी तो काढा म्हणाला तर काढतो.”

फौजदार खटला चालवत होते. ते हसले. दाऊदमियांनी अगदी सावकाश सगळी जबानी वाचली. चांगा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. संपल्यावर साहेब म्हणाले, “झालं? त्याला सगळं मान्य आहे. आता तो शब्द काढा आणि अंगठा घ्या.”

दाऊदमियांनी लेखणी उचलून धरली. मी दारातून पाहत होतो. नकलेसाठी एक कागद मागायला गेलो होतो आणि तिथेच उभा राहिलो.

“न कळलेला शब्द साक्षीदाराला विचारून घ्यायची कोर्टाला विनंती करता येते,” ते म्हणाले.

“तुम्हाला ‘म्हणे’ कळत नाही?”

“मला कळतं साहेब. साहेबांच्या कागदात तो नाही आणि माझ्या कागदात आहे, म्हणून विनंती.”

वरचा पंखा ओढणाऱ्याचाही हात थांबला. मग साहेबांनी स्वतःच विचारलं, “चांगा, गोमानं मारताना तू पाहिलंस का?”

“मी कवा बगला?” चांगा म्हणाला. “मी तवा उरनला व्हतो, बाजाराला. मना धर्मानी सांगला.”

“धर्मा कुठे आहे?”

“तो म्हमईला गेला गोदीवर. कुठं ऱ्हातो तो मना ठावं न्हाय.”

धर्मा सापडला नाही. गोमा सुटला. त्यानं तो खून केला होता की नाही हे मला आजही माहीत नाही. गावात दोन्ही बाजूंनी बोललं जाई. फौजदारांनी कचेरीत सर्वांदेखत सांगितलं की एका शब्दापायी खुनी सोडला. मी दाऊदमियांना त्याच आठवड्यात विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, केला असेल त्यानं?”

“मी मिठागरावर नव्हतो.”

“पण धर्मानं उगाच कशाला सांगितलं असेल?”

“हे धर्माला विचारायला हवं. गोमानं विचारायला हवं. धर्मा कोर्टात नाही, मग गोमा कुणाला विचारणार?”

साहेबांनी दाऊदमियांकडून लेखी खुलासा मागितला. वर्तणुकीत उद्धटपणा असा शेरा बसला आणि दोन वर्षांनी शिरस्तेदाराची जागा रिकामी झाली तेव्हा ती दुसऱ्याला मिळाली. त्या साहेबांविषयी वाईट लिहायचं माझ्या मनात नाही. खुलासा मागितल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक साक्षीदाराला आधी विचारू लागले की तू हे स्वतः पाहिलंस का. बदली होईपर्यंत विचारत राहिले.

संध्याकाळी आम्ही दोघे बांधावरून एकत्र घरी जायचो. तो शेरा बसला त्या दिवशी मी त्यांची समजूत घालू लागलो. ते ऐकून घेत चालले आणि मग आपणहून, मी न विचारता, एक गोष्ट सांगितली.

“प्रधान, मी नोकरीला लागलो त्या वर्षी एक चोरीचा खटला होता. एका म्हातारीनं सांगितलं, माणूस वळखीचा वाटला. मी लिहिलं, ओळखला. अक्षर चांगलं, भाषा चांगली, साहेबांनी शाबासकी दिली. त्या माणसाला तीन वर्षांची शिक्षा झाली. दीड वर्षानं खरा चोर पेणला सापडला, माल त्याच्याकडे निघाला.”

“मग तुम्ही साहेबांना सांगितलंत की शब्द तुमचा होता?”

“नाही,” ते म्हणाले. “नोकरी नवीन होती.”



यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांच्याच घरी चोरी झाली. मुलीचं, जुबेदाचं, लग्न ठरलं होतं. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आपल्या आईच्या पाटल्या आणि एक हार मुलीसाठी काढून ठेवला होता. शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष मशिदीत, बायका शेजारच्या घरी पापड लाटायला. दाऊदमियांना त्या दिवशी ताप होता, म्हणून ते नमाज आटपून इतरांच्या आधी घरी आले. पुढचं दार उघडलं तेव्हा मागच्या परसातून एक माणूस कुडावर चढत होता. लंगोटी, उघडी काळी पाठ, डावा खांदा उतरलेला. ते ओरडेपर्यंत तो पलीकडे गेला. दागिन्यांचा डबा नव्हता.

फौजदार आले. विचारलं, कोण होता. दाऊदमियां म्हणाले, “गोमासारखा वाटला.”

गोमाचा डावा खांदा ओझी वाहून उतरला होता आणि त्याच आठवड्यात तो त्यांच्या घरी लाकडाची मोळी टाकून गेला होता. भाभी म्हणाल्या, मोळी टाकताना तो घरात डोकावत होता, मी पाहिलं, तोच आहे. संध्याकाळपर्यंत गोमाला वाडीवरून आणलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला कोठडीच्या दारात पाहिलं तेव्हा त्याला नीट बसता येत नव्हतं. पोलिसांपुढे त्यानं कबुली दिली होती म्हणे, पण तशी कबुली कोर्टात चालत नाही. डबा काही सापडला नाही. उरली दाऊदमियांची साक्ष.

फौजदार कचेरीत येऊन त्यांच्या टेबलाशी बसले. हे तेच फौजदार, आता केस पिकलेले.

“मियां, तुमचं घर, तुमच्या मुलीचा दागिना. ‘सारखा’ एवढा शब्द गाळा. बाकी तुम्ही सांगाल तसं.”

“बघू,” दाऊदमियां म्हणाले. त्यांनी कधी नव्हे ते ‘बघू’ म्हटलं.

मी त्या दिवसांत त्यांच्या घरी गेलो होतो. भाभी आतल्या दाराआडून बोलल्या, “परधानभाऊ, तुमी सांगा यांना. मी सांगते तो यांना पटत नाय. माझ्या आयचा दागिना हाय. माझ्या डोल्यांसमोर तो आत बगत व्हता.” दाऊदमियां ओटीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

साक्षीच्या दिवशी जबानी लिहायला मला बसवलं, कारण लिहिणारा माणूसच कठड्यात उभा होता. साहेब वयस्कर, निवृत्तीला आलेले. फौजदारांनी विचारलं, “कुडावरून गेलेला माणूस हा आरोपीच होता ना?”

साहेब म्हणाले, “उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडात घालू नका. दाऊदमियां, काय पाहिलंत ते सांगा.”

“पाठ पाहिली. चेहरा पाहिला नाही. पाठ आरोपीसारखी वाटली.”

“पाठीवरून ओळखलंत का?” फौजदारांनी विचारलं.

“ओळखली असं म्हणणार नाही.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “तुम्ही इतकी वर्षं या कोर्टात आहात. तुमच्या मनात काही शंका आहे का?”

“मनात शंका नाही साहेब. मनात तोच आहे. मी जे पाहिलं त्यात तो नाही.”

“मग त्याचं नाव का घेतलंत?”

गोमा भिंतीशी उकिडवा बसून त्यांच्याकडे पाहत होता.

“याला पूर्वी एका खटल्यात याच कोर्टात पाहिला होता. म्हणून पाठ दिसली तशी याचं नाव मनात आलं. गावात डावा खांदा उतरलेली वीसेक माणसं आहेत, सगळी ओझी वाहतात. त्यांच्यावर कधी खटला झाला नाही, म्हणून त्यांची नावं माझ्या मनात आली नाहीत.”

मी जबानी वाचून दाखवली. ते हात मागे बांधून, मान खाली घालून ऐकत होते, अगदी इतर साक्षीदारांसारखे. संपल्यावर म्हणाले, “प्रधान, एक वाक्य राहिलं.”

वाक्य राहिलं नव्हतं, मी गाळलं होतं. ‘मनात तोच आहे’ हे कागदावर कशाला, त्यानं गोमाचं नुकसान होईल आणि दाऊदमियांचंही हसं होईल, असं मला त्या क्षणी वाटलं होतं. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान डोलावली, मी ते वाक्य वर भरून घेतलं. मग दाऊदमियांनी सही केली.

गोमा सुटला. त्या पावसाळ्यानंतर तो पेणच्या डोंगराकडे कोळसा पाडायला गेला, तो परत दिसला नाही. जुबेदाचं लग्न वर्षभर पुढे गेलं आणि मग साधेपणानं झालं. भाभी दाऊदमियांशी बोलायच्या बंद झाल्या. जेवण वेळेवर येई, कपडे वेळेवर धुतले जात, पण काही सांगायचं असलं तर त्या जुबेदाला सांगत आणि जुबेदा सासरी गेल्यावर शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं बोलत. मी जायचो तेव्हा दाऊदमियांचं घर इतकं शांत असे की समोरच्या खाडीतल्या वल्ह्यांचा आवाज ओटीवर येई.

एकदा मी बांधावरून चालताना विचारलं, “अजून तुम्हाला तोच होता असं वाटतं?”

“हो.”

“भाभींना तुम्ही कधी समजावून सांगितलं का, कोर्टात काय झालं ते?”

“तिनं विचारलं नाही.”

“न विचारता सांगावं.”

“न विचारता सांगितलेलं सफाई दिल्यासारखं होतं,” ते म्हणाले आणि छत्री या हातातून त्या हातात घेतली.

पुढे माझी बदली झाली. ते निवृत्त झाल्याचं पत्रानं कळलं. त्यांचा मुलगा मुंबईत आगबोटींच्या कचेरीत लागला होता. त्यानंतर ते मला एकदाच भेटले, एकोणीसशे सदतीस-अडतीसच्या सुमाराला, रेवसच्या धक्क्यावर. मी बहिणीला उतरून घ्यायला गेलो होतो. मुंबईची बोट लागली होती आणि परत निघायच्या तयारीत होती. दाऊदमियां लोकांच्या गर्दीत पुढे उभे राहून एका हमालाला ट्रंका कुठे ठेवायच्या ते दाखवत होते. ते आणखी वाकले होते. भाभी मागे एका वळकटीवर बसल्या होत्या. घर बंद करून दोघे कायमचे मुलाकडे चालले होते.

मी जवळ जाऊन सलाम केला. दाऊदमियां मला भेटून ट्रंकांमागोमाग बोटीवर गेले. भाभींनी पदर पुढे घेतला आणि थोडी विचारपूस केली. मग अचानक म्हणाल्या, “परधानभाऊ, तवा कोर्टात यांचा सगला तुमीच लिवलंत ना?”

“हो, भाभी.”

“गोमा चोर नाय असा यांनी सांगितला, तोच ना?”

“नाही. असं ते बोलले नाहीत.”

त्यांनी पदर जरा बाजूला केला. “नाय? मंग काय बोल्ले?”

मी आठवून सांगितलं. पाठ पाहिली, चेहरा पाहिला नाही. पाठ आरोपीसारखी वाटली. मनात शंका नाही, मनात तोच आहे, मी जे पाहिलं त्यात तो नाही. नकला करून करून मला शब्द पाठ राहायची सवय लागली होती आणि ही जबानी तर मी स्वतः लिहिली होती.

“मनात तोच हाय, असा बोल्ले? सायबासमोर?”

“हो. मी ते वाक्य गाळलं होतं, तर त्यांनी मला भरायला लावलं.”

भाभी खाडीकडे वळल्या. “मोहल्ल्यातल्या बायका मना आजवर सांगत आल्या, तुझ्या नवऱ्यानं गोमाची शपथ वाहिली, तो चोरी करनार नाय म्हनून. मना दागिन्याचा काय नव्हता, भाऊ. दागिना गेला तो गेला. मना वाटला, मी बोलते तो यांना खोटा वाटला, नि त्या कातकऱ्याचा खरा.”

“त्यांना तुमचं पटलं होतं, भाभी.”

“मंग मना घरात का नाय सांगितला?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं. बोटीची शिटी झाली. हमालानं वळकटी मागितली तशा त्या उठल्या आणि फळीवरून सावकाश बोटीवर गेल्या. दाऊदमियां कठड्याशी उभे होते. बायकांची बसायची जागा मागच्या बाजूला होती. भाभी तिकडे गेल्या नाहीत. बोटीच्या धुराड्यातून कोळशाची भुकटी खाली येत होती आणि दाऊदमियांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर ती जमली होती. भाभींनी पदराच्या टोकानं ती बाही झटकली, एकदा आणि पुन्हा एकदा, मग ते टोक हातात तसंच धरून त्यांना काहीतरी विचारलं. दाऊदमियांनी बाहीकडे पाहिलं, मग भाभींकडे पाहिलं आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून टोपी काढून खाली वाकले.